जायचे कुठे? (थ्रेड)

१/ साल १८९८, ठिकाण डर्बन. एका हिंदी बॅरिस्टरच्या घरी त्याचे काही कारकूनही राहत असत. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या. रात्रीची मूत्रपात्रे सकाळी उचलावी लागत आणि नव्याने आलेल्या कारकुनाचे पात्र नवरा-बायको स्वतः उचलत. असाच एक नवा कारकून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील ख्रिस्ती होता. त्याचे पात्र उचलताना बायकोचे डोळे भरून आले. नवऱ्याला ते खपेना. काम करायचे तर हसतमुखाने, हा त्याचा हट्ट. शब्दाने शब्द वाढला. त्याने तिचा हात धरला, तिला ओढत फाटकापाशी नेले आणि तिला बाहेर ढकलण्यासाठी फाटक उघडू लागला.

२/ नवरा मोहनदास गांधी, बायको कस्तुरबा. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये हा प्रसंग नवऱ्यानेच लिहून ठेवला आहे, आणि लिहिताना स्वतःची बाजू सावरलेली नाही. अस्पृश्यतेच्या मुद्द्यावर गांधी योग्य होते हे खरे. पण ओढत नेणारा हातही त्यांचाच होता. त्या क्षणी कस्तुरबांनी जे विचारले त्याचा आशय असा, की या परक्या मुलखात माझे आईबाप नाहीत, नातलग नाहीत, मग मी जाऊ कुठे? गांधी वरमले. फाटक बंद झाले.

३/ हे जोडपे पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात येऊन राहिले. १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाल्यावर तिथे त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्धा जिल्ह्यात, नागपूर-वर्धा लोहमार्गाच्या साधारण मध्यावर, सिंदी (रेल्वे) हे गाव आहे. नावापुढचा ‘रेल्वे’ त्याला वर्धा शहरालगतच्या सिंदी (मेघे)पासून वेगळे करतो. तान्हा पोळ्याच्या लाकडी नंदींसाठी हे गाव विदर्भभर ओळखले जाते. इथल्या एखाद्या घरात आज रात्री हात उगारला गेला तर कस्तुरबांचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील स्त्रियांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांचा हा मागोवा.

४/ सर्वांत जुने उत्तर अर्थातच माहेर. पण माहेर हे दोन-चार दिवसांचे उत्तर. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असे म्हणून पाठवणी झालेली लेक परत आली, की चार दिवसांनी तिची समजूत घालून तिला पोचवून देण्याची तयारी सुरू होई. दुसरी जागा जात्याची. पहाटेच्या अंधारात, पुरुष उठायच्या आत, सासुरवासाची जेवढी कहाणी जात्यापाशी सांगितली गेली तेवढी कोणत्याही न्यायालयात सांगितली गेली नसेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा ओव्यांची संख्या १ लाखाच्या पुढे गेली. ऐकणारी मात्र समोर बसून दुसऱ्या हाताने तोच खुंटा फिरवणारी बाई. तिच्या हातात तरी काय होते?

५/ ही गोष्ट छापील शब्दांत मांडणारी पहिली बाई विदर्भाची. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. निमित्त सुरतेतील विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर झोडलेल्या ताशेऱ्यांचे. ताराबाईंनी हिशेब उलटा मांडला: जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात किती? तत्कालीन पुरुषी जगाला हे झेपले नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिलेही जवळजवळ शतकभर विस्मृतीत पडले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. म्हणजे मधल्या तीन-चार पिढ्यांतील बायकांना आपल्या आधी कोणी हे बोलले आहे, याचा पत्ताच नव्हता.

६/ २० जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेला हजारो स्त्रिया जमल्या; अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेने घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली. डॉ. आंबेडकरांनी त्या सभेत बायकांना सांगितले, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्यापुढे ताठ उभे राहावे, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून राहावे, दासी म्हणून राहण्यास नकार द्यावा. हिंदू विवाह कायदा येण्याच्या १३ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. स्त्रीमुक्तीचा इतिहास १९७५ पासून सुरू करणाऱ्यांनी हा ठराव एकदा डोळ्यांखालून घालावा.

७/ इथे एक पोटप्रश्न. ‘हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता’ हे सरसकट विधान बरोबर नाही. अनेक जातींत काडीमोड होता, पाट होता. जातपंचायतीसमोर संबंध तुटत आणि नवे जुळतही. ज्यांना ही वाट बंद होती त्या प्रामुख्याने वरच्या मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रिया. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, त्यामुळे वर्ध्याच्या बाईला केंद्राच्या १९५५ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. काडीमोडाने सुटका व्हायची, पण पोटापाण्याची सोय नाही. पोटगीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

८/ मारहाणीचे कारण विचारले की गावोगाव एकच उत्तर मिळते: दारू. गांधींच्या वास्तव्याचा मान म्हणून वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गोपुरीतील ‘चेतना विकास’च्या सुमनताई बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्यातील ग्रामीण बायकांना संघटित केले. मोहाच्या भट्ट्यांवर चालून जाणाऱ्या बायका हे विदर्भातील ओळखीचे दृश्य आहे, आणि त्या मोर्च्यांमुळे अनेक बाया प्रथमच घरातली गोष्ट घेऊन चावडीवर आल्या. पण अर्धशतक झाले, बंदी आहे आणि दारूही आहे. शिवाय सगळा दोष बाटलीवर टाकला की हात मोकळा सुटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवरा वारंवार झिंगून येणाऱ्या घरांतील सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसल्याचे सांगितले. नवरा अजिबात न पिणाऱ्या घरांतही हे प्रमाण पाचांत एकीहून अधिक निघाले.

९/ आता पुण्यात घडलेल्या एका प्रकरणाकडे, कारण राज्यातील घराघरांत या विषयावर बोलणे खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. बीडची मंजुश्री. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिचे लग्न झाले. नवरा शिकलेला, कुटुंब सुस्थितीतले. चार महिन्यांनी, ११-१२ जूनच्या रात्री, ती पुण्याच्या घरात मृतावस्थेत आढळली. शरीरात सायनाइड होते. मधल्या काळात ती माहेरी येऊन गेली होती, आपले दुःख तिने सांगितलेही होते. आणि ती परत गेली.

१०/ तिने मागे पत्रे ठेवली होती: बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. खालच्या न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. तो निकाल अंतिम आहे आणि आरोपीच्या दोषाविषयी त्यापलीकडे काही बोलण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पत्रांचा. न्यायालयाने ती पत्रे पुरावा म्हणून वाचली आणि त्यांतून तिचा हळवा, भावनाप्रधान स्वभाव दिसतो असा निष्कर्ष काढला. अशा मनःस्थितीत तिने स्वतःच जीवन संपवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हटले.

११/ नीट पाहिले तर हे विलक्षण आहे. एका बाईने आपल्याला होणारा त्रास लिहून ठेवला. वाचणाऱ्यांना त्यात तिच्या मनाचा कमकुवतपणा दिसला. त्रास कशामुळे होता, हा प्रश्न मागे पडला. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगणारा म्हणून हा निकाल आज प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जातो, शेकडो खटल्यांत उद्धृत होतो. त्याचे नाव ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. मंजुश्रीचे नाव त्यात नाही.

१२/ ते नाव दुसरीकडे राहिले. मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोघींच्या मृत्यूंनी अस्वस्थ झालेल्या पुण्यातील स्त्रियांनी नारी समता मंच उभा केला. विद्या बाळ त्यांतील प्रमुख. मंचाने ‘मी एक मंजुश्री’ नावाचे पोस्टर प्रदर्शन तयार करून ते महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेले. नावातला ‘मी’ महत्त्वाचा. बघायला आलेल्या बायका चित्रांपुढे थांबत आणि मग स्वतःविषयी बोलू लागत. त्यांचे ऐकून घ्यायला, वाट सुचवायला कायमची जागा हवी, या गरजेतून मंचाचे ‘बोलते व्हा’ केंद्र सुरू झाले. समुपदेशन हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला नव्हता. ‘बोलते व्हा’ मात्र कुणालाही कळणारे होते. पुढे मंचाने पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढले, हे विशेष. मारणाऱ्यालाही बोलते केल्याशिवाय मार थांबत नाही, ही समज त्यामागे होती.

१३/ त्याच सुमारास कायदा हलला. देशभर हुंडाबळींविरुद्ध चाललेल्या आंदोलनांनंतर डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. त्याची चर्चा नेहमी हुंड्यापुरती आणि ‘गैरवापरा’पुरती होते. व्याख्या क्वचितच वाचली जाते. स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास धोका पोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन म्हणजे क्रूरता, असे ती सांगते. पत्नीच्या मनाला झालेली इजा फौजदारी कायद्याने इथे गुन्ह्याच्या व्याख्येत घेतली. २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.

१४/ कलम आले, तरी ते वापरायला पोलीस ठाण्यात जावे लागते, आणि ठाण्यात ‘घरचं भांडण घरात मिटवा’ हे उत्तर तयार असते. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. टेबलापलीकडे खाकीऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. पुढे राज्य शासनाने हा प्रयोग इतर जिल्ह्यांत नेला.

१५/ पण मार खाल्लेल्या बहुतेक बायका पोलिसांकडे जातच नाहीत. त्या दवाखान्यात जातात. पडले म्हणतात, चुलीवर भाजले म्हणतात, डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही म्हणतात. डॉक्टर गोळ्या देतो, बाई घरी जाते. हे ओळखून २००० मध्ये ‘सेहत’ या संस्थेने आणि मुंबई महानगरपालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत चालणारे देशातील हे पहिले असे केंद्र. परिचारिका आणि डॉक्टर यांना जखमेच्या जागेवरून, वारंवारच्या भेटींवरून, न जुळणाऱ्या कहाणीवरून हिंसा ओळखायला शिकवले गेले. केसपेपर हातात असलेली बाई कुणाला संशय न येता त्याच इमारतीतील दुसऱ्या खोलीत जाऊ शकत होती. नवरा बाहेर बाकावर बसलेला असला तरी.

१६/ मनाच्या आजाराचा मात्र दुहेरी वापर होतो, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. छळाने खचलेली बाई मदत मागते तेव्हा ‘तिला काही झालेले नाही’. तीच प्रतिकार करते तेव्हा ‘ती वेडी आहे’. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे, त्यामुळे या शब्दाला घरात एक धारही असते. पुण्यात १९९९ मध्ये बापू ट्रस्ट स्थापन करणाऱ्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हा मुद्दा लावून धरला: बाईच्या दुःखाला आधी रोगाचे नाव देऊ नका, तिच्या जगण्यात काय चालले आहे ते पाहा. खेड्यात तर त्या दुःखाला तिसरीच वाट असते. एरवी ज्या सुनेचा आवाज ओसरीपर्यंत पोचत नाही, तिच्या अंगात आले की सासराही हात जोडून ऐकतो. अंधश्रद्धा म्हणून ते मोडीत काढणे सोपे आहे. बाईला ऐकून घ्यायला देवी मधे का आणावी लागते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

१७/ ‘जायचे कुठे’ या प्रश्नाच्या मुळाशी एक रोकडा मुद्दा आहे: घर कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ च्या चांदवड अधिवेशनापासून तो उचलला. पुढच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे केला. या मागणीचा मारहाणीशी काय संबंध, असे वाटेल. केरळात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालमत्ता नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसल्याचे आढळले. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. ज्या बाईला जायला जागा आहे, तिला बहुधा जावेच लागत नाही.

१८/ २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने कस्तुरबांचा प्रश्नच फिरवला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ त्याने हिंसेत मोजला, आणि वर सांगितले, की बाईने कुठे जायचे नाही. ती राहते त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मालकी कुणाचीही असो. दोन महिन्यांत, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात हा हक्क आखडता घेतला: सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला असा दावा नाही. आपल्याकडे बहुतेक सुना सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाने किती जणींना उंबऱ्याबाहेर उभे केले याची कल्पना येते. ऑक्टोबर २०२० मधील सतीशचंद्र आहुजा प्रकरणात न्यायालयाने ती भूमिका मोडीत काढली. मधली १४ वर्षे ज्यांच्यावर दरवाजे लागले, त्यांच्यासाठी हा दुसरा निकाल उशिराचा होता.

१९/ याच काळात विदर्भात मानसिक आरोग्याची चर्चा सुरू झाली, ती शेतकरी आत्महत्यांमुळे. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत वर्धा होता. चर्चेच्या केंद्रस्थानी पुरुष शेतकरी होता. बाईचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने तिचा मृत्यू ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून मोजलाच जात नाही, ही तक्रार अभ्यासकांनी वारंवार केली आहे. तरी त्या चर्चेतून एक उपयुक्त गोष्ट निघाली. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मानसोपचारतज्ज्ञ गावात राहायला आला नव्हता. मदत ओळखीच्या माणसाकडून, घराच्या दारात मिळाली, एवढाच फरक.

२०/ आज सिंदीच्या बाईपुढे कागदावर पुष्कळ दारे आहेत. संरक्षण अधिकारी, वर्ध्याचे न्यायालय, सेवाग्रामचे रुग्णालय, १८१ ही महिला मदतवाहिनी, मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानसची १४४१६ ही वाहिनी. बहुतेक दारे गावाबाहेर आहेत. तिथे जायचे तर घरी कारण सांगावे लागते, मोबाइलवर बोलायचे तर तो हातात असावा लागतो. घरात शिरण्याची मुभा असलेली आरोग्य व्यवस्थेतील व्यक्ती एकच: आशा. २०१५ पासून राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशांनी घरोघर जाऊन खचलेली माणसे ओळखण्याचे काम केले. नैराश्य ओळखण्याच्या प्रश्नावल्यांत प्रश्न साधे असतात: झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमते का.

२१/ आशा गावचीच सून असते. ज्या घरात ती प्रश्न विचारते त्याच घरच्या लग्नात तिने अक्षता टाकलेल्या असतात, आणि विचारलेले बाहेर गेले तर तिलाही याच गल्लीतून रोज जायचे असते. प्रश्न विचारला जातो तेव्हा सासू बहुधा त्याच खोलीत बसलेली असते. उत्तर ऐकायचे तर आशेला थांबावे लागते: बाळाच्या लसीचे कार्ड पुन्हा एकदा पाहावे लागते, वजन पुन्हा करावे लागते, सासू चहा ठेवायला आत जाईपर्यंत.